गणपती गाडीत राहिला

वालीवच्या कंपन्या मागे पडल्या तेव्हा मी पुन्हा एकदा हात पुढे केले. जयरामने मान हलवली. नको म्हणून. मूर्ती त्याच्या छातीशी धरलेली, तिच्या तोंडावर आईने दिलेला लाल रुमाल, खाली लाकडी पाट, आणि पाटाखाली त्याची बोटं इतकी आवळलेली की नखं पांढरी पडली होती. तो अनवाणी चालत होता. माझ्या पायात चपला होत्या. गणपतीच्या कारखान्यातून निघताना मीही काढणार होते, पण तोच म्हणाला, "ताई, रस्त्याला खडी आहे, तुम्ही घाला." ते त्याचं शेवटचं बोलणं. मग त्याने मूर्ती उचलली आणि तोंड मिटलं.

रागाने नाही. आमच्या घरचा नेमच आहे तसा. ज्याच्या हातात गणपती, त्याने बोलायचं नाही. कारखान्यातून मूर्ती उचलली की घराचा उंबरा ओलांडेपर्यंत एक शब्द नाही. वाटेत मूर्ती खाली ठेवायची नाही. हाताला रग लागली तर बरोबरच्या माणसाकडे द्यायची, मग तो मुका आणि आपण मोकळे. हा नेम कुणी घातला ते मला माहीत नाही. बाबा डोक्यावर पाट ठेवून मूर्ती आणायचे आणि त्यांच्यामागून मी आणि मीरा झांजा वाजवत यायचो. बाबांना विचारलं तर म्हणायचे, देव हातात असताना माणसाला बोलायचं काय उरतं.

जयराम म्हणजे या मीराचा, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयाने लहान आहे म्हणून लिहिताना एकेरी लिहिते. तोंडावर मी अहोजाहोच करते, जावई आहे घरचा.

तो मूर्ती का देत नव्हता हे मला कळत होतं. मूर्ती हातात होती तोवर त्याला कुणाशी बोलावं लागणार नव्हतं. माझ्याशीही नाही.

पुढे रिक्षाच्या थांब्याजवळ कार्मिन उभी होती. माझ्या शाळेतली. आम्ही दोघी मराठी शाळेत एका बाकावर बसायचो, ती तेव्हापासून मोठ्यानेच बोलते.

"काय गो हेमांगी, चालत?"

"चालत. आईकडे. देव घेऊन."

"बहिणीच्या नवऱ्याची गाडी होती ना?"

"आहे. घरी आहे."

तिने जयरामकडे पाहिलं, मग लाल रुमालाकडे, आणि तिला आठवलं. "हां, ते लॉकवालं. हेच का ते?" ती हसली. मग जीभ चावून म्हणाली, "नाही हो, मी आपली सहज. देवाला सगळं कळतं." आणि परत मला, हळू आवाजात, पण तिचा हळू आवाज म्हणजे काय ते सांगायला नको, "आमच्या वाडीत पण आलेली गं ती बातमी. चांगलं फेमस केलंत जावयाला."

जयराम थांबला नव्हता. तो पुढे निघून गेला होता. मागून त्याचे कान लालबुंद दिसत होते.

मी पळत जाऊन त्याला गाठलं. म्हटलं, "तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. तिच्या मनात काही नसतं." तो समोर बघत चालत राहिला. बोलणार कसा?

*

जयराम मूळचा कोकणातला. वडील मुंबईला नोकरीला होते, नंतर विरारला चंदनसारमध्ये घर घेतलं. हा वालीवला प्लास्टिकच्या कंपनीत साच्यांचा फिटर. मीरा त्याच कंपनीत पॅकिंगला होती, तिथे दोघांचं जमलं. आमचं घर खाडीकाठचं, भातशेतीचं. तिथे बाहेरच्या जातीचा जावई म्हणजे गावाला बोलायला विषय मिळाला. बाबा तेव्हा नव्हते. आमच्या चुलत भावाने, शांतारामदादाने, लग्नात जेवायला बसून सगळ्यांदेखत विचारलं होतं, "जावयाला चिखलात उतरता येतं का, का नुसता पान्हा धरता येतो?"

 त्याच आठवड्यात आईच्या विहिरीचा पंप बंद पडला आणि जयरामने तो उघडून दुरुस्त केला. मग पंखा. मग शेजारणीचा मिक्सर. मग शांतारामदादाच्याच घरचा इन्व्हर्टर. गावात हळूहळू असं झालं की जयराम रविवारी आला म्हणजे त्याच्यापुढे काही ना काही मोडकं येऊन पडायचं. लोक चहा पाजायचे, आणि तो मांडी घालून ओट्यावर बसायचा, स्क्रू बशीत ठेवायचा. आई दारात बसून बघायची. आईचं नाव भागूबाई. ती कुणाला फार चांगलं म्हणत नाही. पण एकदा माझ्यासमोर म्हणाली, "जयरामाच्या हाताला गुन हाय."

आम्हाला भाऊ नाही. बाबा गेल्यावर गणपती कोण आणणार हा प्रश्न होता. शांतारामदादाने दोन वर्षं आणला, त्याच्या घरचा आणि आमचा एकाच टेम्पोत. मग आई म्हणाली, माझा जावई आनील. दादा म्हणाला, "आनायचा मान घरच्याचा असतो काकी." आई म्हणाली, "तो काय रस्त्यावरचा हाय?" आणि विषय संपला. तेव्हापासून आमचा गणपती जयराम आणतो.

हे एवढं सांगितलं कारण त्या घरात जयरामला जे स्थान होतं ते त्याने हातांनी मिळवलं होतं. दुसरं काही नव्हतं त्याच्याकडे. ना आमची जात, ना आमची बोली. अजूनही तो पाणी म्हणतो आणि आम्ही पानी, आणि पोरं त्यावरून त्याला चिडवतात.

*

गाडी त्याने जुनी घेतली, पांढरी. पहिल्यापासून तिच्या लॉकचं काहीतरी बिनसलेलं होतं. एक बटण दाबलं की चारही दारं एकदम लागतात आणि एकदम उघडतात, ते सेंट्रल लॉक. त्या गाडीत मात्र बटण न दाबताच लागायचं. बाजारात उभी असली की मधेच टक. खिट्ट्या खाली. परत टक, वर. मीरा म्हणायची, गाडी डोळे मिचकावते. ती म्हणाली गॅरेजला दाखवू. जयराम म्हणाला, "चार स्क्रूचं काम आहे. मी दिवसभर काय करतो मग?"

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीच्या रविवारी त्याने बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून ठेवलं. मी त्या दिवशी त्यांच्याकडे होते. दाराच्या आतलं कव्हर त्याने ओढून काढलं, त्याच्या प्लास्टिकच्या दोन क्लिपा तुटल्या, त्या त्याने खिशात टाकल्या. आत एक छोटी मोटर असते, तिला एक सळई, ती सळई खिट्टीला वरखाली करते. मोबाइलवर व्हिडिओ लावलेला. बिल्डिंगमधले तिघेचौघे येऊन उभे राहिले. एक जण म्हणाला, "साहेब, आमच्या पण गाडीचं बघा." जयराम खूश होता. खरंच खूश होता, मी त्याला असं कमी वेळा बघितलंय. मोटर बदलली, बटण दाबलं, चारही दारांत एकदम टक. परत दाबलं, टक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीराने वरून खिडकीतून विचारलं, "झालं?" हा म्हणाला, "झालं म्हणजे? कंपनीने दिली होती त्यापेक्षा चांगली झाली."

दार आणि गाडी यांच्यामध्ये एक रबराची नळी असते. तिच्यातून वायरी दारात जातात. दार उघडमीट करून तिथली एक वायर सोलवटली होती. ती त्याने बघितली होती. तिला काळी टेप गुंडाळली आणि नळी परत बसवली. मला तेव्हा हे काही समजलं नव्हतं. मला वाटलं, कामाचाच भाग आहे.

*

चतुर्थीच्या सकाळी आम्ही दोघं मूर्ती आणायला गेलो. मीरा आईकडे मोदकांना मदत करायला आदल्या दिवशीच गेली होती. येताना मूर्ती माझ्या मांडीवर होती. मी पुढच्या सीटवर, तोंड बंद.

वाटेत सिग्नलला गाडी थांबली आणि टक झालं. खिट्ट्या खाली बसल्या. जयरामने हात लावला नव्हता. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "नवीन मोटर आहे ताई. हात बसतोय तिचा." पुढे गेल्यावर परत टक, वर. मी परत बघितलं. या वेळी त्याने आरत्यांचा आवाज मोठा केला.

देव मांडीवर नसता तर मी विचारलं असतं, जयराम, हे झालंय ना नक्की? पण नेम होता. आणि उतरले तेव्हा समोर आई, मोबाइलवर शूटिंग घेणारी मीरा, शेजारपाजार, पोरांच्या हातात झांजा. त्या गडबडीत ते डोक्यातून गेलं.

आमच्यात मूर्ती घरात नेणाऱ्याच्या पायांवर दारात पाणी घालतात. मग भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, आणि मग आत. हा मान आणणाऱ्याचा, म्हणजे जयरामचा. म्हणून तो म्हणाला, "ताई, तुम्ही सीटवर ठेवा आणि उतरा. सीट म्हणजे काही जमीन नाही. मी तिकडून येऊन उचलतो." मी मूर्ती सीटवर नीट ठेवली, पट्टा लावला आणि उतरले. मला दार उघडंच ठेवायचं होतं. तोच म्हणाला, "लावा लावा, एसी चालू आहे. देवाला उकडायला नको." ऊन होतं त्या दिवशी. रंग ओला असतो, पाघळतो, असंही म्हणाला. मग तोही उतरला, त्याचं दार लावलं, चपला काढल्या आणि गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आला.

टक.

त्याने हँडल ओढलं. उघडलं नाही. परत ओढलं. किल्ली आत, गाडी चालू, आतून आरती ऐकू येतेय, आणि काचेपलीकडे गणपती तोंडावर रुमाल घेऊन पट्ट्यात बसलेला. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

आधी लोक हसले. मीही हसले. शांतारामदादा त्याच्या ओट्यावरून म्हणाला, "काय जावई, देव उतरंना का?"

"दोन मिनिटं दादा."

त्याने लोखंडी पट्टी मागवली. काच आणि रबर यांच्यामध्ये घालून खालीवर केली. काही झालं नाही. मीरा म्हणाली, "दुसरी किल्ली घरी आहे, मी रिक्षाने जाऊन आणते." चंदनसारला जाऊन यायचं, सणाची गर्दी. हा म्हणाला, "मुहूर्त जाईल." दादा उठून जवळ आला. त्याने अगदी नीट विचारलं, ते मला सांगितलं पाहिजे, कुचकं नाही. "गॅरेजवाल्याला फोन लावू का? माझ्या वळखीचा हाय."

"नको," जयराम म्हणाला. "माझं काम आहे, मला माहितीय. मीच बसवलंय."

ते शब्द सगळ्यांनी ऐकले.

झांजा कधीच थांबल्या होत्या. लोक हसायचेही थांबले होते, आणि ते जास्त वाईट होतं. गुरुजींचा फोन आला, मी पोचतोय म्हणून. जयराम घामाने भिजला होता. पट्टी टाकून तो आईच्या स्वयंपाकघरात गेला आणि वरवंटा घेऊन आला. मीरा म्हणाली, "अहो, मूर्ती आहे आत." तो म्हणाला, "मागची काच फोडतो. मूर्ती पुढे आहे." आणि मागच्या काचेवर वरवंटा घातला.

काचेचा चुरा झाला. गाडी भोंगा वाजवायला लागली. तो भोंगा मी अजून विसरले नाही. गावात तसला आवाज कधी आला नव्हता, कुत्री ओरडायला लागली. जयरामने मागून आत अंग घातलं, दोन सीटांच्या मधून हात पुढे नेला, पुढची खिट्टी वर ओढायला. भोंगा कानाशी. तो दचकला की घाई झाली, माहीत नाही. त्याचं कोपर पट्ट्यात अडकलं. पट्टा ओढला गेला आणि मूर्ती गिअरच्या दांड्यावर कलंडली.

दार उघडलं. मूर्ती पडली नाही, पट्ट्याने धरली. पण तिचा उजवा हात, आशीर्वादाचा, मनगटापासून गेला होता.

जयरामने रुमाल उचलून पाहिलं. मग तो खाली वाकून सीटखाली काचांमध्ये शोधायला लागला. भोंगा वाजत होता, तो बंद करायचं कुणालाच सुचत नव्हतं, आणि हा गुडघ्यांवर बसून शोधत होता. मिळाला तेव्हा त्याने तो तळहातावर धरला. छोटासा, गुलाबी, तळव्यावर सोनेरी ओम काढलेला. तो आईपुढे गेला. तळहात तसाच पुढे केला.

त्याच्या दंडातून रक्त येत होतं, काच लागून. त्याला ते कळलंच नव्हतं. आईने तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "आत ये. लागलंय तुला."

तो आत गेला नाही.

गुरुजी आले. बघून म्हणाले, "प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, अजून ती मातीच आहे. दोष नाही. तळ्यात सोडा, आपण सुपारी मांडू." मूर्ती न्यायला जयरामने हात पुढे केले तेव्हा शांतारामदादा म्हणाला, "तुम्ही ऱ्हावा जावई." आणि त्यानेच ती नेली. जयरामच्या मुठीत तुटलेला हात तसाच होता. मीराने त्याची मूठ उघडून तो काढून घेतला आणि दादामागे पळत गेली.

त्या वर्षी आमच्या मखरात सुपारी होती. थर्माकोल नको म्हणून मीराने पुठ्ठ्याचं केवढं मोठं मखर केलं होतं, दिव्यांच्या माळा, आणि मध्ये पानावर सुपारी. दर्शनाला येणारा वाकून शोधायचा. मग विचारायचा. आई प्रत्येकाला एवढंच सांगायची, "यंदा सुपारीचाच हाय." जयरामचं नाव तिने घेतलं नाही. एकदाही नाही. गावाने घेतलं. जावयाने देवाला लॉक लावलं, हे दुसऱ्या दिवशी पोरं ओरडत होती, आणि महिन्याभरात ते माणिकपूरला माझ्या बिल्डिंगपर्यंत आलं. भाजीवालीने मला विचारलं.

मीराने त्याला सांगितलं, आई तुमच्याबद्दल काही बोलली नाही हो. तो म्हणाला, "बोलली असती तर बरं झालं असतं."

*

पुढे गॅरेजमध्ये मेकॅनिकने रबराची नळी ओढली आणि आतून ती काळी टेप निघाली. मोटर नवीच होती, चांगली होती, वायर तुटत आली होती. मेकॅनिक म्हणाला, "ही टेप कोणी मारली? दिसली होती तर बदलायची ना." मीरा शेजारी उभी होती. जयराम म्हणाला, "मी मारली." घरी येताना वाटेत त्याने गाडी कडेला घेतली. मीराला म्हणाला, "मला दिसली होती गं. लोक बघत होते. टाळ्या वाजवत होते. म्हटलं, दिवाळीत बघू."

नंतर त्याने सेंट्रल लॉक काढूनच टाकलं. चारही दारांच्या मोटरी सोडवून ठेवल्या. आता तो गाडीतून उतरला की गाडीभोवती फिरतो आणि एकेक दार हाताने लावतो, ओढून बघतो. बिल्डिंगमधले बघतात. मीरा म्हणते, प्रदक्षिणा घालतात. तिलाही आता हसू येत नाही.

आणि त्याने कुणाचं काही दुरुस्त करणं सोडलं. शेजाऱ्याचा मिक्सर आला तर म्हणतो, दुकानात द्या.

आईकडे तो आलाच नाही. दिवाळीला नाही, बाबांच्या श्राद्धाला नाही, भात कापायला सुट्टी काढून यायचा तो नाही. मीरा एकटी यायची, प्रत्येक वेळी वेगळं कारण घेऊन. उन्हाळ्यात आईच्या स्वयंपाकघरातला पंखा बंद पडला. दादा म्हणाला, मानूस धाडतो. आई म्हणाली, "नको, जयराम येल तवा बघल." अख्खा उन्हाळा तिने पदराने वारा घेत भाकऱ्या केल्या. मी म्हटलं, आई, तो येणार नाही गं. ती म्हणाली, "मग पंखाबी नको."

यंदा श्रावण संपताना आईने त्याला स्वतः फोन केला. तिला फोन लावता येत नाही, शेजारच्या मुलीकडून लावून घेतला.

"मूर्ती कवा आनतस?"

"आई, यंदा शांतारामदादा आणतील."

"त्यो त्याच्या घरचा आनील. माझा तू आन."

मीरा सांगते, तो फोन कानाला लावून खिडकीशी गेला, खाली गाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "गाडीने नाही आणणार." आई म्हणाली, "तुझा सासरा काय गाडीनं आनायचा?" मग तो म्हणाला, ताई बरोबर येतील का ते विचारतो.

मला मुद्दाम का, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. वाटलं, हाताला आराम म्हणून. मी घरी देवापुढे दिवा लावून एवढंच मागितलं होतं की मूर्ती सुखरूप पोचू दे. त्याच्यासाठी. गणपतीचं काय, तो मातीतूनच येतो आणि पाण्यातच जातो.

*

मिठागराकडचा रस्ता लागला तेव्हा ट्रक कमी झाले. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं. जयरामचा सदरा पाठीला चिकटला होता. त्याच्या डाव्या टाचेला काहीतरी लागलं होतं, तो पाय तिरका टाकत होता. मी म्हटलं, "द्या ना आता, थोडा वेळ." मान हलली. नको.

मग मीच बोलत राहिले, काय काय. मीराने या वर्षी मखर लहान केलंय. आईच्या गुडघ्यांना मी तेल आणलंय, ती लावत नाही. गुरुजींचा मुलगा येणार आहे, गुरुजींना बरं नाही. तो ऐकत होता. एकदा मी म्हटलं, "पंख्याचा स्क्रू ड्रायव्हर आईने धुऊन ठेवलाय. धुतात का कधी स्क्रू ड्रायव्हर?" तेव्हा त्याच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. मला वाटलं हसला. मग बघितलं तर हसला नव्हता.

गावाच्या अलीकडे तळं आहे, गेल्या वर्षी मूर्ती सोडली ते. तिथे तो मान वळवून दुसरीकडे बघत चालला. तळं संपलं की वळण, आणि वळणावरून आमचं घर दिसतं. मीरा अंगणात होती, या वेळी तिच्या हातात मोबाइल नव्हता. पोरं झांजा घेऊन तयार. शांतारामदादा ओट्यावर. आणि दारात आई, एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात तांब्या. शेजारी ताटात भाकरीचा तुकडा. तिने आम्हाला बघितलं नव्हतं अजून, ती रस्त्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

जयराम वळणावर थांबला.

आणि त्याने मूर्ती माझ्यापुढे धरली.

सबंध रस्ता मी मागत होते आणि तो देत नव्हता. आता घर समोर असताना देत होता. मी चपला काढल्या, पदर सावरला, पाटाखाली हात घातले. त्याने बोटं सोडवली, एकेक करून, ती वाकडीच राहिली होती. रुमाल नीट केला. रुमालाखालून त्याने मूर्तीचा उजवा हात बघितला, हळूच, चाचपून. होता. मग तो मागे सरकला.

आता मी मुकी होते आणि तो मोकळा.

 बोलला तो खाली माझ्या पायांकडे बघत.

"ताई, आई वाकणार. तिला वाकता येत नाही तरी माझ्या पायांवर पाणी घालायला वाकणार. मला ते सोसणार नाही. दादा बघत असतील, सगळे बघत असतील, आणि ती माझे पाय धुणार."

मी मान हलवायला लागले. तो म्हणाला, "थांबा, ऐका. म्हणूनच तुम्हाला आणलं."

अंगणातल्या कुणाला तरी आम्ही दिसलो. पहिली झांज वाजली. आईने चौकट सोडली आणि तांब्या दोन्ही हातांत घेतला.

"तुम्ही पुढे व्हा," जयराम म्हणाला. "पाणी तुमच्या पायांवर घेऊ द्या. तुम्हीच आत न्या. मी विहिरीकडून मागच्या दाराने येतो, नक्की येतो. फक्त ताई, मी येईपर्यंत आरती सुरू करू देऊ नका."